मुंबईत प्लॉट पाडताना: डी.पी. रिमार्क्स आणि लेआउटची नियमावली कितपत कामाची?

मुंबईत मोठ्या जागेचे दोन-तीन प्लॉट पाडायचे असोत की जुन्या सोसायटीचा पुनर्विकास करायचा असो, पहिला कागद लागतो तो महापालिकेच्या विकास नियोजन खात्याच्या अभिप्रायाचा. बोलताना सगळे त्याला डी.पी. रिमार्क्सच म्हणतात. त्याच्यामागे उभी आहे ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, म्हणजे डी.सी.पी.आर. ती १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. रिमार्क्स आणि नियमावली या दोन्हींना एकच सेवा धरून हे परीक्षण केलं आहे, कारण एकीशिवाय दुसरीचा अर्थ लागत नाही. सोसायटीचे पदाधिकारी, वडिलोपार्जित जागेचे मालक आणि नुकतेच कामाला लागलेले वास्तुविशारद यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

मत आधीच सांगतो. प्लॉटवर किती बांधता येईल, हे ही सेवा नेमकेपणाने सांगते. त्या प्लॉटसमोरचा आणि प्लॉटच्या आतला रस्ता कसा असावा, याबद्दल मात्र ती फार थोडं बोलते. मुंबईत प्लॉटची किंमत रस्त्याच्या रुंदीवर ठरते, त्यामुळे ही उणीव लहान नाही. ती भरून काढण्याचं काम अर्जदाराच्या वास्तुविशारदावर पडतं, आणि बहुतेक वेळा ते कोणीच करत नाही.

रिमार्क्स काढताना

अर्ज ऑनलाइन होतो आणि शुल्कही तिथेच भरता येतं. वॉर्ड, विभाग किंवा गाव आणि जमिनीचा नंबर टाकला की त्या जागेचा झोन, आरक्षण, डी.पी. रस्ता (म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता) आणि रस्त्याच्या नियमित रेषेची माहिती नकाशासकट मिळते. एकेकाळी याच माहितीसाठी खात्यात खेटे घालावे लागत. या भागाला आम्ही चांगले गुण देतो.

चुका होतात त्या नंबरात. जमिनीचा भूमापन नंबर शहर भागात सी.एस. नंबर म्हणून डिव्हिजनसह चालतो, उपनगरात सी.टी.एस. नंबर म्हणून गावासह. नगररचना योजनेतली, म्हणजे टी.पी.एस.मधली जागा असेल तर फायनल प्लॉट नंबर लागतो. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, बोरिवली इथे अशा योजना आहेत, आणि त्यांत एका फायनल प्लॉटमध्ये दोन सी.टी.एस. नंबरांचे भाग येऊ शकतात. एकाच नंबरावर रिमार्क्स काढले की उरलेल्या तुकड्यावरचं आरक्षण कागदावर दिसतच नाही आणि ते पुढे मंजुरीच्या टप्प्यावर वर येतं. म्हणून टी.पी.एस.च्या जागेसाठी फॉर्म बीचा, म्हणजे योजनेतल्या फायनल प्लॉटांच्या नोंदींचा, उतारा आधी काढा. जागेचे सगळे नंबर आणि शेजारच्या रस्त्याचा नंबरही तपासा, आणि मगच अर्ज भरा.

दुसरी गोष्ट नकाशाची. रिमार्क्ससोबतच्या नकाशातली रेघ म्हणजे जागेवरची हद्द नव्हे. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर १ मि.मी. जाडीची रेघ जमिनीवर ४ मीटर होते. डी.पी. रस्ता प्लॉटच्या कडेने जातोय की कोपरा कापतोय, याचा निकाल अशा रेघेवरून लागत नाही. त्यासाठी जागेवर सीमांकन करून घ्यावं लागतं. रस्त्याची रेषा खुणांसह आखली जाते आणि ती सर्व्हेच्या नकाशावर चढते. सीमांकनाआधी काढलेला लेआउट, म्हणजे प्लॉट, आतले रस्ते आणि मोकळ्या जागा यांच्या मांडणीचा नकाशा, हा नुसता अंदाज. त्यावर सदनिकांचे आकडे ठरवून सभासदांना सांगणं धोक्याचं आहे.

तिसरी गोष्ट क्षेत्रफळाची. मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र, खरेदीखतातलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणीचं क्षेत्र हे तिन्ही क्वचितच जुळतात. हिशेब सर्वांत कमी आकड्यावर धरा. जास्त आकडा धरून केलेली सगळी गणितं पुढे खाली येतात, आणि तोपर्यंत विकासकाशी बोलणी झालेली असतात.

९ मीटर ओलांडणं म्हणजे काय

नियमावलीतला सर्वांत वजनदार भाग म्हणजे नियम ३० मधला तक्ता १२. समोरच्या रस्त्याची रुंदी किती, त्यावर एकूण एफ.एस.आय.ची, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल याची, मर्यादा इथे ठरते. उपनगरात रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मर्यादा १.०. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर २.०, १२ ते १८ असेल तर २.२, १८ ते ३० असेल तर २.४ आणि ३० मीटर किंवा जास्त असेल तर २.५. शहर भागात हेच आकडे १.३३, २.०, २.४, २.७ आणि ३.० असे आहेत. मूळ हक्काच्या वरचा भाग फुकट मिळत नाही. त्यातला काही प्रीमियम भरून आणि काही टी.डी.आर., म्हणजे दुसऱ्या जागेचा हस्तांतरित होणारा विकासहक्क, विकत घेऊन चढवावा लागतो. फंजिबल, म्हणजे भरपाईदाखल मिळणाऱ्या जादा एफ.एस.आय.चे ३५ टक्के त्याच्या वर.

हा तक्ता वाचायला सोपा आहे आणि त्याचं तत्त्वही बरोबर आहे. अरुंद गल्लीत उंच इमारत नको, हे त्यातून सरळ निघतं. पण पायऱ्यांकडे नीट पाहा. उपनगरात १२ वरून १८ वर गेल्याने ०.२ वाढतो, १८ वरून ३० वर गेल्याने आणखी ०.१. मात्र ८.९ मीटरवरून ९ मीटरवर आलं की मर्यादा दुप्पट होते. म्हणून उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक पुनर्विकासाचा सगळा जोर या एका रेघेवर येतो.

मुंबईचे बरेच रस्ते फुटांत आखलेले आहेत, त्यामुळे रिमार्क्समध्ये ९.१५, १३.४०, १८.३०, २७.४५, ३६.६० असे आकडे दिसतात. ते अनुक्रमे ३०, ४४, ६०, ९० आणि १२० फूट. तीस फुटी रस्ता ९ मीटरची रेघ जेमतेम १५ सें.मी.ने ओलांडतो. नव्वद फुटी रस्ता डोळ्यांना कितीही रुंद वाटला तरी २७.४५ मीटरचा असल्यामुळे ३० मीटरच्या गटात बसत नाही. 'आमचा रस्ता मोठा आहे' या समजावर कोणी २.५ चा हिशेब मांडला असेल, तर तो इथेच तपासून घ्यावा.

आता नियमित रेषा, म्हणजे रेग्युलर लाइन: रस्ता पुढे जिथपर्यंत रुंद व्हायचा ती कड. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम २९७ खाली आयुक्त ही रेषा ठरवतात. कलम २९८ आणि २९९ खाली तिच्या आतली जागा रस्त्यासाठी घेता येते. जागेवरचा रस्ता ७.२० मीटर आणि नियमित रेषा ९.१५ मीटरची असेल, तर १.९५ मीटर वाढवायचे आहेत. दोन्ही बाजूंना सारखे वाटले तर प्रत्येक बाजूने ०.९७५ मीटर सोडायचे. पण रेषा नेहमी मधोमध नसते. एका बाजूला नाला, देऊळ किंवा जुनी पक्की इमारत असेल तर सगळी वाढ समोरच्या बाजूने घेतलेली असू शकते. 'अर्धं-अर्धं' गृहीत धरू नका, सीमांकनाच्या नकाशावर दोन्ही बाजूंचं अंतर लिहून घ्या.

एक हिशेब

उपनगरातली ३६ मीटर रुंद आणि १०० मीटर खोल जागा घ्या, क्षेत्र ३,६०० चौ.मी. पुढच्या बाजूला वरचाच रस्ता: आज ७.२०, रेषा ९.१५. सेटबॅक, म्हणजे रस्त्यासाठी सोडायची पट्टी, ०.९७५ गुणिले ३६, म्हणजे ३५ चौ.मी. उरले ३,५६५. रस्ता ९ मीटरच्या खालीच राहिला तर एफ.एस.आय.च्या हिशेबाने ३,५६५ चौ.मी. बांधकाम, रेषा लागू झाली तर ७,१३० चौ.मी.पर्यंत. पस्तीस चौरस मीटर सोडून एवढा फरक पडतो, म्हणून सेटबॅक सोडायला कोणी नाही म्हणत नाही.

या जागेचे पुढे-मागे दोन प्लॉट पाडायचे तर मागच्याला वाट द्यावी लागेल. समजा, ती ७५ मीटर आत जाते. राष्ट्रीय इमारत संहिता वाटेची रुंदी लांबीवर ठरवते: ७५ मीटरपर्यंत ६ मीटर, १५० पर्यंत ७.५, २५० पर्यंत ९, ४०० पर्यंत १२, १,००० पर्यंत १८ आणि त्यापुढे २४. म्हणजे संहितेप्रमाणे इथे ६ मीटर पुरतील आणि ४५० चौ.मी. जातील. ९ मीटर ठेवले तर ६७५ जातील. या २२५ चौ.मी.साठी बरेच जण ६ मीटरवर थांबतात. आमचं मत त्याउलट आहे. मागच्या प्लॉटचा एफ.एस.आय. कुठल्या रुंदीवर मोजला जाणार, हा प्रश्न आज नाही तर पुढच्या पुनर्विकासात उभा राहतोच. तेव्हा पुढची इमारत उभी झालेली असते आणि वाट रुंद करायला जागा उरलेली नसते. प्लॉट पाडतानाच ९ मीटर ठेवा, आणि मागच्या प्लॉटसाठी कुठली रुंदी धरली आहे ते मंजुरीच्या कागदात लिहून घ्या.

लक्षात ठेवा, जागा १,००० चौ.मी. किंवा जास्त असेल, किंवा एकाहून अधिक मुख्य इमारती येणार असतील, तर लेआउट सादर करावाच लागतो, आणि तोही मालकाच्या सलग असलेल्या सगळ्या जागेचा. पुढचा तुकडा आज आणि मागचा उद्या, असं सोयीने तोडता येत नाही.

नऊ मीटरमध्ये काय बसतं

इथे नियमावली कमी पडते. रुंदी सांगितली की तिचं काम संपतं. त्या रुंदीत पदपथ किती, गाडीचा भाग किती, झाड, दिव्याचा खांब, गटाराचं तोंड कुठे, हे लेआउटच्या मंजूर नकाशावर सहसा नसतंच. दोन समांतर रेघा आणि मध्ये '९.०० मी. रुंद अंतर्गत रस्ता', एवढंच.

मोजून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पदपथांच्या मार्गदर्शिकेत, आय.आर.सी. १०३ मध्ये, अडथळ्याविना चालण्याची किमान रुंदी १.८ मीटर आहे आणि कडेच्या दगडाची उंची जास्तीत जास्त १५० मि.मी. दोन्ही बाजूंना १.८ चे पदपथ दिले तर गाड्यांना ५.४ मीटर उरतात. एका कडेला गाड्या उभ्या राहिल्या की २ मीटर गेले, उरले ३.४. दोन्ही कडांना उभ्या राहिल्या तर १.४ मीटर, म्हणजे रिक्षाही धड जाणार नाही. प्रत्यक्षात मग पदपथ १ मीटरचा होतो, त्याच्या मधोमध खांब येतो, आणि आजी-आजोबा गाड्यांच्या मधून चालतात.

९ मीटरच्या आतल्या रस्त्यासाठी आम्हाला योग्य वाटणारी मांडणी अशी: एका बाजूलाच १.८ मीटरचा सलग पदपथ, त्याला लागून १.२ मीटरची पट्टी आणि उरलेला ६ मीटरचा गाडीरस्ता. झाडं, खांब, विजेच्या पेट्या आणि पाण्याचे व्हॉल्व्ह सगळे त्या पट्टीत. दोन अर्धवट पदपथांपेक्षा एक पुरता पदपथ बरा. आतल्या गेटांपाशी पदपथ तोडून खाली उतरवू नका. पदपथ त्याच पातळीवर ठेवा आणि गाडीला उताराने वर चढू द्या. जिथे पदपथ उतरवावाच लागेल तिथे १२ ला १ उतार ठेवा, म्हणजे १५० मि.मी.साठी १.८ मीटर लांबी. बांधकामात ही लांबी हमखास निम्मी होते आणि मग व्हीलचेअर चढत नाही.

सार्वजनिक रस्त्यावरच्या सेटबॅकचीही अशीच गत होते. गल्लीतली एक इमारत पाडली जाते, ती रेषेपर्यंत मागे सरकते. शेजारची अजून जुनीच असते. रस्त्याची कड दातेरी होते. सुटलेला एक मीटरचा तुकडा दोन्ही बाजूंनी बंद असल्यामुळे त्यावरून ना गाडी जाऊ शकते, ना माणूस सरळ चालू शकतो. तिथे दुचाकी लागतात, कुंड्या येतात, कधी वॉचमनची खुर्ची. कागदावर रस्ता ९.१५ झालेला असतो आणि त्यावर एफ.एस.आय.ही वापरून झालेला असतो. सगळी गल्ली सुधारेपर्यंत थांबायचं नसेल तर एक साधी गोष्ट करता येते. सेटबॅकची जागा रस्त्याच्या पातळीवर आणून, कडेचा दगड नव्या रेषेवर बसवून आणि पदपथ बांधूनच ताब्यात द्यायची. ही अट करारनाम्यात विकासकावर घाला. पुढची इमारत सुधारली की तिचा पदपथ तुमच्या पदपथाला जोडला जातो.

मोकळी जागा: गणित बरोबर, माती कमी

लेआउटमधल्या मनोरंजनाच्या मोकळ्या जागेचा नियम, नियम २७, स्पष्ट आहे. १,००१ ते २,५०० चौ.मी.ला १५ टक्के, २,५०१ ते १०,००० ला २० टक्के, त्यापुढे २५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ही जागा पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या पार्किंगवरच्या गच्चीवर, दाखवायला मनाई केली होती. नव्या नियमावलीने मधला मार्ग काढला आहे. किमान ६० टक्के जमिनीवर, त्यातले निदान निम्मे खऱ्या मातीवर, आणि उरलेले ४० टक्के पोडियमवर चालतात.

आपल्या उदाहरणात ३,५६५ चे २० टक्के म्हणजे ७१३ चौ.मी. त्यातले ४२८ जमिनीवर आणि त्यातली खरी माती २१४. उरलेल्या २८५ ला पोडियम चालेल. आता झाडं बघा. मोकळ्या जागेच्या १०० चौ.मी.ला ५ या हिशेबाने ७१३ ला ३६ झाडं लागतात. खालून तळघर नसलेली, मुळं खोल जाऊ शकतील अशी माती फक्त २१४ चौ.मी. म्हणजे झाडामागे ६ चौ.मी.सुद्धा नाही. मोठं झाड तिथे होत नाही, म्हणून अशोक आणि पाम लावले जातात, सावली पडत नाही आणि संख्या मात्र पूर्ण होते. नियमावलीने संख्येऐवजी झाडामागे किमान किती माती हवी ते सांगितलं असतं तर या भागाला आम्ही पूर्ण गुण दिले असते. सध्या करता येण्यासारखं एवढंच: खरी माती सगळी एका जागी ठेवा, तळघराच्या भिंती तिथून दूर ठेवा, आणि चार-पाच मोठी होणारी झाडं तिथे लावा. उरलेली १.२ मीटरच्या पट्टीत जातील.

ही जागा एका कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, अरुंद पट्टीत ढकलण्याची सवय सर्वत्र आहे. मंजुरीचा नकाशा आला की आधी हीच जागा शोधा, आणि तिच्याकडे स्वतंत्र वाट आहे का ते पाहा.

पातळ्या: इथेच बहुतेक लेआउट फसतात

रिमार्क्समध्ये पातळ्या नसतात. मुंबईत पातळ्या टाउन हॉल डेटमवर, म्हणजे टी.एच.डी.वर मोजतात, आणि त्या सर्व्हेअरकडून स्वतंत्र घ्याव्या लागतात. प्लॉट पाडायच्या आधी चार पातळ्या हव्यात: समोरच्या रस्त्याच्या मध्याची, रस्त्यातल्या पर्जन्य जलवाहिनीच्या तळाची, मलवाहिनीच्या मॅनहोलच्या तळाची, आणि तुमच्या जागेच्या सर्वांत मागच्या कोपऱ्याची. यांपैकी एक जरी नसली तरी आतला रस्ता आखू नका.

कारण सांगतो. मागच्या इमारतीची मलवाहिनी १५० मि.मी.ची, ६० ला १ उताराने ७५ मीटर चालली तर तिला १.२५ मीटर खोली लागते. सुरुवातच ०.६ मीटर खोलीवर झाली, तर रस्त्यापाशी ती १.८५ मीटरवर येते. हा हिशेब आतला रस्ता सपाट धरून केला आहे. रस्त्यातल्या मॅनहोलचा तळ १.५ मीटरवर असेल तर जोडणी होतच नाही. मग उतार कमी केला जातो, पाइप सुस्त होतो, मधल्या चेंबरमध्ये गाळ बसतो आणि दर महिन्याला सफाईची गाडी बोलवावी लागते. मागचा कोपरा पुढच्यापेक्षा उंच असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो. संहितेतही बंद गल्लीबद्दल हेच आहे: गल्लीचं बंद टोक सुरुवातीपेक्षा उंच पातळीवर हवं. ही अट वाचताना किरकोळ वाटते, पण मुंबईच्या पावसाळ्यात तिच्यावर तळमजल्याचं नशीब ठरतं.

पावसाच्या पाण्याचं मोजमाप सोपं आहे. शहराची जुनी गटारं तासाला २५ मि.मी. पावसासाठी होती. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते माप ५० मि.मी. केलं. आपल्या ३,५६५ चौ.मी.वर ५० मि.मी. पाऊस तासाभरात पडला आणि जमीन सगळी पक्की धरली तर १७८ घनमीटर पाणी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० लिटर. ३०० मि.मी.चा काँक्रीट पाइप ३०० ला १ उतारावर भरून वाहिला तर सुमारे ५५ लिटर नेतो, म्हणजे जेमतेम पुरतो. २२५ मि.मी.चा त्याच उतारावर २५-२६ लिटरच नेतो. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो, तरी २२५ चा पाइप टाकलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो, आणि पाणी साचल्यावर दोष गटाराच्या कचऱ्याला दिला जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. तेवढ्यासाठी कोणी पाइप टाकू शकत नाही, पण ५० साठी टाकायलाच हवा.

आतल्या ६ मीटरच्या रस्त्याला मध्ये उंचवटा देण्यापेक्षा एकाच बाजूला, झाडांच्या पट्टीकडे, ५० ला १ उतार द्या. एकूण फरक १२० मि.मी. पडतो, गटार एकाच बाजूला येतं आणि पदपथालगत डबकं होत नाही, कारण मध्ये पट्टी असते. जाळीची तोंडं सर्वांत खालच्या जागी लागतात. ती गेटच्या शोभेसाठी हलवली की पाणी गेटसमोर थांबतं.

समोरचा रस्ता काँक्रीटचा झालेला नसेल तर तो पुढे वर येईल हे धरून चाला. नवा थर जुन्यावर चढला की सोसायटी खड्ड्यात जाते. काँक्रीटीकरणाची प्रस्तावित पातळी वॉर्डच्या रस्ते अभियंत्यांकडे विचारा, आणि गेटची पातळी तिच्याही वर ठेवा.

अग्निशमन आणि वळणं

उंच इमारतींसाठी संहितेत आणि अग्निशमन दलाच्या अटींमध्ये जे येतं ते थोडक्यात: इमारतीभोवती ६ मीटरची मोकळी कठीण जागा, ४५ टन भार पेलणारी, आणि वळणाची त्रिज्या किमान ९ मीटर. पोडियमवरून गाडी जाणार असेल तर हा भार पोडियमच्या स्लॅबलाही लागतो, आणि ते स्ट्रक्चरल अभियंत्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं. नकाशावर ६ मीटरची पट्टी दिसते, पण कोपऱ्यावर काटकोन असतो. आत ९ मीटरची त्रिज्या काढून पाहिली की कोपऱ्यातला सब-स्टेशनचा कट्टा किंवा पार्किंगची एक जागा हलवावी लागते. हे नकाशावर दहा मिनिटांत दिसतं, बांधून झाल्यावर दुरुस्त होत नाही. बंद गल्लीच्या टोकाला गाडी वळवायला निदान ८१ चौ.मी. जागा हवी, कुठलीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. तिथे कायमचं पार्किंग आखू नका.

याहून चांगलं याच शहरात झालेलं आहे

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची योजना आखली. हिंदू कॉलनीतून पाच बागांकडे चालत गेलं तर फरक लगेच जाणवतो. तिथे आधी रस्ता, पदपथ, झाडांची ओळ आणि बाग ठरली, मग प्लॉट पडले. इमारतीच्या उंचीसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरात आला, म्हणजे समोर जितकी मोकळी जागा त्याच्या साधारण दुप्पट उंची. एका कोनाने उजेड, वारा आणि रस्त्याची रुंदी यांचा मेळ बसला. आजची नियमावली रुंदीचा संबंध एफ.एस.आय.शी जोडते. पण रस्त्याचा छेद कसा असावा याचा एक नमुना नकाशाही त्यासोबत देत नाही. तेवढा एक नकाशा ९, १२ आणि १८ मीटरसाठी जोडला तर शेकडो लेआउट आपोआप सुधारतील.

शेवटचे कागद

लेआउट मंजूर झाला म्हणजे प्लॉट वेगळे झाले असं नाही. नगर भूमापन कार्यालयात पोटहिस्सा मोजणी होऊन प्रत्येक प्लॉटची वेगळी मिळकत पत्रिका निघावी लागते. आतला रस्ता आणि मोकळी जागा यांच्याही वेगळ्या नोंदी हव्यात, आणि त्यांवर सगळ्या प्लॉटधारकांचा वहिवाटीचा हक्क लिहिलेला हवा. हे राहिलं की अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करण्याच्या, वेळी मागच्या सोसायटीला स्वतःच्या गेटपर्यंतची वाट सिद्ध करत बसावं लागतं.

आतला रस्ता खासगी राहणार की महापालिकेकडे जाणार, हे सुरुवातीलाच ठरवा. खासगी राहिला तर खड्डे, दिवे, गटारसफाई सगळं प्लॉटधारकांच्या खर्चाने, आणि खर्चाची वाटणी करारात टक्केवारीने लिहिलेली हवी. महापालिकेकडे द्यायचा असेल तर १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३०५ आणि ३०६ प्रमाणे आधी तो समतल, पक्का, गटारासह आणि दिव्यांसह पूर्ण करावा लागतो, मगच तो सार्वजनिक रस्ता जाहीर होऊ शकतो. हस्तांतराची वेळ येईपर्यंत विकासक निघून गेलेला असू शकतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी रस्ता पूर्ण करण्याची अट आणि तेवढ्या रकमेची बँक हमी, दोन्ही करारात घ्या. हमीची रक्कम ठरवताना पाइप ३०० मि.मी.चा, पदपथ १.८ मीटरचा आणि रस्ता काँक्रीटचा धरून अंदाजपत्रक करा. मोघम 'रस्त्याचे काम' असं लिहिलेल्या हमीतून पुढे काहीच वसूल होत नाही.